आमची वाटचाल : आट्यांचा रॉड, एक कप आणि एक बेअरिंग

गॅरेजसाठी हत्यारे बनवणारा आमचा छोटा कारखाना उभा राहिला तो एका हत्यारावर: कंट्रोल आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, म्हणजे दोन लोखंडी नळ्यांमध्ये रबर असलेला सांधा, काढण्या-बसवण्याचा हातप्रेस. आट्यांचा रॉड, दोन नट, दोन जाड चकत्या, एक कप (आर्मला टेकणारी नळी, जिच्यात बुश उतरतो) आणि एक दाबचकती (बुशला ढकलणारी), एवढाच त्याचा संसार. पण यातला प्रत्येक भाग आम्हाला बदलावा लागला.

सुरुवातीचा रॉड एम १२ चा (१२ मिमी आट्यांचा), ४.६ ग्रेडचा होता. गंजलेला बुश हलण्याआधी रॉडच ताणला जायचा. ताणला की आट्यांमधले अंतर वाढते आणि नट मध्येच जाम होतो. ग्रेडमधल्या पहिल्या आकड्याला १०० ने गुणले की तो रॉड किती मेगापास्कल (ताणाचे एकक) ला तुटेल ते कळते, म्हणजे ४.६ चा ४०० ला, ८.८ चा ८०० ला. आता आम्ही एम १६ चा, ८.८ ग्रेडचाच रॉड वापरतो आणि साध्या नटाऐवजी ४८ मिमी लांबीचा कपलिंग नट. आट्यांना मॉलिब्डेनम ग्रीस लावल्याशिवाय प्रेस वापरायचा नाही. कोरडे आटे एकमेकांना धरतात आणि मग रॉड कापण्याखेरीज इलाज उरत नाही.

पुढची सुधारणा नटाखालच्या बेअरिंगची. नट आवळताना लावलेल्या जोरातला साधारण निम्मा नटाच्या बैठकीखाली घासण्यातच जातो आणि बराचसा आट्यांत. रॉडला ताण द्यायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून नटाखाली ५१२०३ नंबरचे थ्रस्ट बेअरिंग (दोन चकत्यांमध्ये गोळ्या असलेले, वरून येणारा दाब झेलणारे) आले: आत १७ मिमी, बाहेर ३५, उंची १२. हात एकदम हलका झाला. पण पाना तेवढ्याच जोराने ओढला तर रॉडवर आता आधीपेक्षा जास्त ताण येतो, हे ध्यानात ठेवावे लागते. म्हणून या प्रेसवर इम्पॅक्ट गन (ठोके देत नट फिरवणारे यंत्र) चालवायची नाही. हद्द ओलांडली तर आधी बेअरिंगच्या चकतीवर गोळ्यांचे खड्डे पडतात, आणि ते बरेच आहे: बेअरिंग बदलता येते, तुटून उडालेला रॉड आवरता येत नाही. बेअरिंगखालची चकती किमान १० मिमी जाड हवी. पातळ चकती वाकते आणि सगळा भार एका बाजूच्या गोळ्यांवर येतो.

खरी कसोटी कपांची. बुशचा बाहेरचा व्यास ४५ मिमी असेल तर कप आतून ४७ चा आणि दाबचकती ४४ ची. बुश ५० मिमी लांब असेल तर कपची खोली ६०. भिंत ६ मिमीपेक्षा कमी नको. कप सीमलेस (बिनजोड) पाइपचा घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपला वेल्डिंग केले की निघणारा धूर ताप आणतो. पाइपचे तोंड ग्राइंडरने कापून तसेच सोडू नये, लेथवर काटकोनात फेस (सपाट) करावे. तोंड अर्धा मिमी तिरके असले तरी बुश तिरका शिरतो आणि आर्मच्या भोकाला ओरखडा पाडतो. तसा आर्म नव्या बुशला पुन्हा घट्ट धरत नाही.

बसवताना दाब बाहेरच्या लोखंडी नळीवरच पडला पाहिजे. आतल्या नळीवर पडला तर रबर पहिल्याच दिवशी सुटते. रबराला खनिज तेल किंवा ग्रीस लावू नये, साबणाचे पाणी पुरते. काही बुशांच्या रबरात पोकळ्या असतात, त्यांची दिशा जुना बुश काढण्याआधी रंगाने खुणावून ठेवावी. आर्मचा बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचा आवळावा, नाहीतर रबर कायम पिळलेले राहते.

हाच प्रेस पुढे चाकाच्या बेअरिंगसाठी वाढवला. बेअरिंग नकलमध्ये (चाकामागच्या, बेअरिंग धरणाऱ्या लोखंडी भागात) घालताना जोर बाहेरच्या रिंगवर, हब (ज्यावर चाक बसते तो भाग) घालताना आधार आतल्या रिंगला. उलटे केले तर जोर गोळ्यांतून जातो, रिंगवर खळगे पडतात आणि नवे बेअरिंग गुणगुणू लागते. म्हणून प्रत्येक संचात आतल्या रिंगेसाठी वेगळी आधारनळी देतो.

स्लाइड हॅमरबद्दल (रॉडवर वजन सरकवून टोकाच्या अडसरावर ठोका देत भाग ओढून काढणारे हत्यार) थोडेच: १६ मिमीचा रॉड, ६० मिमी व्यासाचे १०० मिमी लांब वजन, साधारण २ किलो. टोकाचा अडसर नुसत्या वेल्डिंगवर ठेवू नये. ठोक्यांनी वेल्डच्या कडेला चीर जाते. आटे पाडून दोन नट एकमेकांवर आवळावेत.

सॉकेट (नटावर बसणारी पान्याची वाटी) कापून आखूड करायचे असेल तर पाणी मारत, थांबत-थांबत घासावे. पोलाद निळे पडले की तिथला कडकपणा गेला आणि कोपरे गोल होणारच. क्रोम मुलाम्याच्या सॉकेटला वेल्डिंग आम्ही बंद केले. तो धूर विषारी असतो आणि थंड सॉकेटवरचा वेल्ड बहुधा तडकतो.

स्प्रिंग कॉम्प्रेसर (गाडीची स्प्रिंग दाबून धरणारे हत्यार) आणि गाडीखाली लावायचे स्टँड आम्ही बनवत नाही. दोन्ही ठिकाणी भार माणसाच्या अंगावर येण्याच्या अंतरावर असतो, आणि प्रत्येक नग ठरलेल्या वजनाखाली तपासून देण्याची सोय आमच्याकडे नाही. ती होईपर्यंत ही मागणी आम्ही परत पाठवतो.