बर्गमॉट टिकत नाही, पण म्हणून काय झालं

परफ्यूम घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, किती तास टिकतो? आणि या प्रश्नापायी सगळ्यात जास्त अन्याय होतो तो बर्गमॉटवर. टॉप नोट्समध्ये, म्हणजे परफ्यूम मारल्यावर सगळ्यात आधी येणाऱ्या वासांमध्ये, हे नाव कायम दिसतं पण फळ फारसं कुणी बघितलेलं नसतं. अर्ल ग्रे चहा प्यायला असाल तर वास मात्र ओळखीचा आहे.

लिंबाच्या नात्यातलंच फळ, आधी हिरवं मग पिवळं, आणि जगातलं बहुतेक बर्गमॉट इटलीत कॅलाब्रियाला, रेज्जोच्या आसपासच्या किनारपट्टीत पिकतं. तेल असतं सालीत. पूर्वी सगळं हातानेच, फळ अर्धं कापायचं, गर काढायचा, साल समुद्री स्पंजवर दाबून धरायची आणि स्पंज भिजला की तो भांड्यात पिळायचा. आता मशीन आहे, तरी 1 किलो तेलाला साधारण 200 किलो फळं लागतात!

मला ते इतकं आवडतं कारण ते नुसतं आंबट नाही. लिंबाच्या तेलात मुख्य घटक लिमोनीन, बर्गमॉटमध्ये त्याच्या जोडीला लिनालिल अ‍ॅसिटेट पण भरपूर, म्हणजे जे लॅव्हेंडरमध्ये असतं तेच. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून बघा, आधी साल सोलताना उडतो तसा झणझणीत वास, मग मागून हळूच फुलं येतात आणि जरासा कडवटपणा.

1709 ला जर्मनीतल्या कोलोन शहरात फरीनाचं परफ्यूम घराणं सुरू झालं, त्यांच्या ओ द कोलोनमध्येही बर्गमॉट होतंच. पण खरी कमाल गेर्लां या फ्रेंच कंपनीच्या शालिमार परफ्यूममध्ये (1925), खाली व्हॅनिला, चांगलं जड आणि गोड, आणि वर भरभरून बर्गमॉट. ते नसतं तर त्या गोडव्याने डोकं धरलं असतं. बर्गमॉटचे रेणू हलके म्हणून लवकर उडतात, त्यात दोष कसला, पुढच्या जड वासांना वाट करून देऊनच जातात ना ते.

एक मात्र सांगते, ऑनलाइन मिळणारं बर्गमॉट तेल तसंच अंगाला लावून उन्हात जाऊ नका. त्यात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं, ऊन लागलं की त्वचा भाजते आणि काळे डाग पडतात, म्हणून परफ्यूमवाले बरेचदा ते काढून टाकलेलं तेल वापरतात.

आणि दुकानात टेस्टर मारला की लगेच पट्टी हलवून बाजूला ठेवू नका, पहिली पाच-दहा मिनिटं नीट हुंगा, बर्गमॉट तेव्हाच भेटतं.