पंपांच्या पाळ्या बदलून वीजबिल कमी करताना

पाणीपुरवठ्याचं वीजबिल कमी करायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो: स्वस्त तासांत सगळे पंप लावा. माझा अनुभव वेगळा आहे. दराआधी मीटर आणि पाइप बघावे लागतात.

सुरुवात बिलापासून. टीओडीच्या, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दराच्या, प्रत्येक पट्ट्यातले युनिट आणि महिन्याची कमाल मागणी (एका वेळी ओढलेला सर्वाधिक वीजभार) मी वेगळी लिहून घेतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे उपयोगी कामात न येणारी (रिअॅक्टिव्ह) वीजही धरून आकारणी होते, त्यामुळे ती कमी ठेवणारी कपॅसिटर बँक बिघडलेली असेल तर पाळ्यांतून वाचलेले पैसे तिथेच जातात. रात्री 10 ते सकाळी 6 ही जुनी सवलत डोक्यात ठेवून लावलेल्या पाळ्या तर हमखास तपासायच्या. केंद्राच्या 2023 च्या नियमांनी सवलतीचा भर दिवसाच्या सौर तासांकडे नेला आहे. चालू दरपत्रकच प्रमाण मानावं.

मग पंप खरोखर किती पाणी देतो ते मोजायचं. फ्लोमीटरवर भरवसा नसेल तर उंच टाकीचा आउटलेट बंद करून पातळी बघा. 12 मीटर व्यासाच्या टाकीत 10 सेंटिमीटर म्हणजे 11.3 घनमीटर. 20 मिनिटांत 59 सेंटिमीटर चढली तर प्रवाह ताशी 200 घनमीटर. त्याच वेळी किलोवॅट वाचले की प्रति घनमीटर युनिट निघतात.

खरी गोम रायझिंग मेनमध्ये, म्हणजे पंपापासून टाकीपर्यंत पाणी चढवणाऱ्या पाइपमध्ये आहे. समजा स्थिर उंची 55 मीटर आणि एका पंपाच्या ताशी 200 घनमीटरला पाइपच्या घर्षणात जाणारी उंची 8 मीटर, म्हणजे पंपावरचं एकूण हेड 63 मीटर. दोन पंप एकत्र लावले की 400 मिळत नाहीत, साधारण 320 मिळतात. घर्षण प्रवाहाच्या वर्गाने वाढतं, म्हणून हेड 75 मीटरच्या वर जातं. प्रति घनमीटर वीज जवळपास 20 टक्क्यांनी वाढते आणि 20 टक्के सवलतीतलं फारसं काही उरत नाही. वर कमाल मागणी जवळजवळ दुप्पट होते ती वेगळीच. म्हणून मी एकच पंप स्वस्त आणि सामान्य तासांत लांब चालवतो, संध्याकाळच्या महाग तासांत बंद ठेवतो, आणि दुसरा पंप टाकी खरंच पुरत नसेल तरच लावतो.

टाकीची किमान पातळी ठरवताना आगीसाठीचा साठा आणि सकाळचं वाटप आधी राखून ठेवा. शुद्धीकरण केंद्राला पाण्याचा एकसारखा ओघ लागतो. अशुद्ध पाण्याचे पंप सारखे चालू-बंद केले तर क्लॅरिफायर (गाळ खाली बसवणारी टाकी) बिघडतो, गढूळपणा वाढतो. व्हॉल्व्हमनच्या वेळा पाळ्यांशी जुळवल्या नाहीत तर टाकी भरतच नाही.

राखीव पंपाचा शाफ्ट बंद असताना हळूच उलटा फिरताना दिसला, तर त्याचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) गळतोय आणि चढवलेलं पाणी संपमध्ये, म्हणजे पंपाखालच्या टाकीत परत येतंय. हे आधी दुरुस्त करा, मगच मोजमाप करा.

उन्हाळ्यात जॅकवेलची (नदी-धरणातून पाणी उचलायच्या विहिरीची) पातळी उतरली की स्थिर उंची वाढते, प्रवाह घटतो. टाकीची चाचणी मार्चमध्ये पुन्हा घेऊन पंपाचे तास नव्याने मांडावे लागतात.