नऊ पॉइंट आठ का दिसत नाही?

२ जुलै २०२४, मंगळवार. ऑफिसात पोचतो न पोचतो तोच एका जुन्या क्लायंटच्या आयटी प्रमुखांचा फोन. "अहो, ओपनएसएसएचला भोक पडलंय म्हणे. आमचे सगळे सर्व्हर आजच्या आज ९.८ वर पाहिजेत." ओपनएसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायचं सॉफ्टवेअर, आणि ९.८ ही त्याची नवी आवृत्ती. फोन ठेवला, तोवर व्हॉट्सॲपवर त्याच बातमीचे पाच-सहा फॉरवर्ड येऊन पडले होते.

बातमी खरी होती. आदल्या दिवशी क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी ती जाहीर केली होती. लॉगिन ठरलेल्या वेळेत, म्हणजे मूळ सेटिंगप्रमाणे १२० सेकंदांत, पूर्ण झालं नाही की सर्व्हर जोडणी तोडतो. नेमक्या त्या क्षणी योग्य गडबड घडवता आली, तर पासवर्डशिवाय रूटचा, म्हणजे मशीनवर सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, ताबा मिळू शकत होता. २००६ साली बुजवलेलंच हे भोक. २०२०च्या एका बदलात ते नकळत पुन्हा उघडलं आणि ८.५ पासून ९.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत राहिलं. ९.८ मध्ये दुरुस्ती आली, म्हणून साहेबांच्या डोक्यात ९.८ बसलं होतं.

त्यांच्याकडे दोन पिढ्यांची मशीन्स. नव्यांवर डेबियन १२, जुन्यांवर सेंटओएस ७, दोन्ही लिनक्सचेच प्रकार. नव्यांपासून सुरुवात केली. एसएसएचला हात लावताना दुसरी खिडकी उघडून त्यात लॉगिन करून ठेवायचं, ही सवय मी टीममधल्या प्रत्येकाला लावली आहे. सर्व्हिस पुन्हा सुरू झाली तरी चालू जोडणी तुटत नाही, पण नवी जोडणी लागलीच नाही तर आत शिरायला ती एकच वाट उरते. मग डेबियनवर पॅकेजेस बसवणाऱ्या ॲप्टची कमांड 'ॲप्ट अपडेट', आणि त्यानंतर 'ॲप्ट-कॅश पॉलिसी ओपनएसएसएच-सर्व्हर'. ही दुसरी कमांड मला फार आवडते. काय बसलंय, काय बसू शकतं आणि ते कुठून येणार, हे ती थोडक्यात सांगते. बसलेलं होतं ९.२पी१-२+डेब१२यू२. येऊ घातलेलं, डेबियनच्या सिक्युरिटी रेपोतून (पॅकेजेसच्या साठ्यातून), तेच, फक्त शेवटी यू३. तेवढंच पॅकेज अपग्रेड केलं. एका मशीनला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही.

तासाभरात साहेबांचा पुन्हा फोन. "अहो, अजून ९.२च दिसतंय! ऑडिटवाल्यांचा स्कॅनर लाल दाखवतोय."

दिवसाचा खरा वेळ इथे गेला. डेबियन स्थिर आवृत्तीत सहसा नवं सॉफ्टवेअर आणत नाही. दुरुस्तीपुरता कोड जुन्या आवृत्तीवर चढवतं आणि फक्त शेपटीचा आकडा बदलतं. ९.२ तेच राहतं, भोक मात्र बुजतं. बरेच स्कॅनर सर्व्हर जोडणीच्या सुरुवातीला जे नाव-आवृत्ती सांगतो तेवढंच वाचतात आणि पुढचा आकडा चक्क सोडून देतात. मी 'ॲप्ट चेंजलॉग' चालवलं. यू३ च्या नोंदीत सीव्हीई-२०२४-६३८७ हा या भोकाचा अधिकृत क्रमांक स्वच्छ लिहिलेला होता. ती ओळ कॉपी करून मेल केली आणि सोबत पॅकेजची पूर्ण आवृत्ती. फोनवरच्या दहा वाक्यांनी जे होत नव्हतं, ते त्या ओळीने झालं.

आता सेंटओएस ७. इथे ॲप्टच्या जागी यम. 'यम अपडेट' दिलं तर मिररलिस्टचा, म्हणजे पॅकेजेस कुठून उतरवायची त्या पत्त्यांच्या यादीचा, होस्टच सापडत नाही, अशी तक्रार करून ते थांबलं. ३० जूनला या आवृत्तीला दुरुस्त्या मिळण्याची मुदत संपली होती. आमच्याकडच्या नव्या मुलाने तोवर ओपनएसएसएच ९.८ चा सोर्स कोड उतरवून त्याचा टारबॉल (फाइलींचा गठ्ठा) उघडलाही होता. "दादा, कंपाइल करून टाकू का? दहा मिनिटांचं काम."

"अरे, आधी आरपीएमला विचार ना, काय बसलंय ते."

आरपीएमकडे बसलेल्या पॅकेजेसची नोंद असते. 'आरपीएम -क्यू ओपनएसएसएच'. उत्तर: ७.४पी१. म्हणजे या भोकाच्या टप्प्यातच नाही! जिला सगळे म्हातारी म्हणून नाकं मुरडत होते, ती या बाबतीत सुरक्षित होती, आणि कालपर्यंत ज्या नव्या मशीन्सचं कौतुक चाललं होतं, ती उघडी.

पोराचा चेहरा पडला, म्हणून त्याला पुढचंही दाखवलं. ९.८ ला किमान ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) १.१.१ लागतं, या मशीनवर १.०.२. म्हणजे तेही बाहेरून कंपाइल करायचं, ठेवायचं वेगळ्या जागी, आणि यमला या दोन्हींचा पत्ताच नाही. उद्या त्यात नवं भोक निघालं तर यम म्हणणार, सगळं ताजं आहे. उतरवलेल्या सोर्सची डिरेक्टरी उडवायला त्याने फार वेळ लावला नाही.

रेपो फाइलमधली मिररलिस्टची ओळ बंद करून पत्ता सेंटओएसच्या व्हॉल्टकडे, म्हणजे जुन्या पॅकेजेसच्या संग्रहाकडे, ७.९.२००९ वर, वळवला. निदान जुनी पॅकेजेस तरी बसवता येतील. नवी दुरुस्ती तिथे यायची नाही, आणि पुढचं भोक कदाचित ७.४ मध्येच निघेल, हे मेलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं.

संध्याकाळी ऑडिटवाल्यांनी डेबियनचे रकाने हिरवे केले. सेंटओएसच्या मशीन्स बदलायचं कोटेशन मी त्याच मेलला जोडलं होतं. त्यावर साहेबांचं उत्तर आलं, "पुढच्या क्वार्टरला बघू."