मीटर वाऱ्यावर फिरत होतं

आप्पांना सीआरटी, म्हणजे हृदयाचे दोन्ही खालचे कप्पे एका वेळी चालवणारं पेसमेकरसारखं मशीन, बसवून सहा महिने झाले, तरी उशा तीनच्या दोन होईनात. रात्री आडवं झालं की दम लागायचा, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचे. मोजे काढले की इलास्टिकचा वळ पायावर तासभर तसाच.

हृदयाचं पंपिंग २८ टक्के. त्यात लेफ्ट बंडल ब्लॉक, म्हणजे डावा कप्पा उजव्याच्या मागून आकुंचन पावायचा. ईसीजीत क्यूआरएसची, म्हणजे खालच्या कप्प्यांत इशारा पसरतानाच्या लाटेची, रुंदी १६४ मिलिसेकंद. ती १२०च्या आत हवी. सीआरटीची एक वायर उजव्या खालच्या कप्प्यात आणि दुसरी हृदयाच्या शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या अंगाला. दोन्हीकडून एकदम इशारा गेला की दोन्ही कप्पे एकत्र आवळतात. वरच्या कप्प्याची तिसरी वायर आप्पांना घातलीच नाही, कारण त्यांना कायमचं एएफ. वरचे कप्पे नुसते थरथरतात, तिथे इशारा देऊन काय करणार?

दर तपासणीला मशीनमधला आकडा यायचा, पेसिंग, म्हणजे मशीनच्या इशाऱ्यावर पडलेले ठोके, ९३ टक्के. "छान चाललंय काका," डॉक्टर म्हणायचे आणि पुढची तारीख द्यायचे. तीनदा हेच. मीही खूश, ९३ म्हणजे डिस्टिंक्शनच की!

आप्पा मात्र खूश नव्हते. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं मीटर वाचण्यात गेलेला माणूस. परतताना गाडीत म्हणाले, "अरे, पाणी यायच्या आधी नळाला हवा येते. मीटर त्या हवेवर पण फिरतं. आकडा चढतो आणि हंडा कोरडाच."

दुसऱ्या डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगितलं, तर ते हसले नाहीत. चोवीस तासांचा बारा लीडचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून सलग ईसीजी काढणारं यंत्र, लावला. निघालं तेच. एएफमुळे वरून वेडेवाकडे ठोके एव्ही नोडमधून, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या विजेच्या वाटेतून, खाली घुसत होते. मशीन इशारा द्यायचं, पण तोवर हृदय अर्धंमुर्धं आपलं आपणच आवळायला लागलेलं. इशारा दिला म्हणून मशीन तो ठोका स्वतःच्या नावावर मांडायचं. खरे ठोके दोन तृतीयांशच. डॉक्टरांना हवे होते ९८ टक्क्यांच्या वर, आणि तेही खरे.

आधी ठोके मंदावणाऱ्या गोळ्या वाढवून पाहिल्या. मेटोप्रोलॉल वाढवलं की बीपी उतरून नव्वदवर, आणि किडनीमुळे डिगॉक्सिन फार देता येईना. मग एव्ही नोड ॲब्लेशन, म्हणजे वरून खाली येणारी वाटच जाळून बंद करायची. आई म्हणाली, "आहे ती वाट पण जाळायची? आणि बॅटरी संपली तर?" प्रश्न बरोबरच होता. यानंतर माघार नाही आणि मशीनवरच जगायचं, हे डॉक्टरांनीही आडपडदा न ठेवता सांगितलं. २०२१च्या एका अभ्यासाचं बोलले. एएफचे १३३ रुग्ण, सीआरटी अधिक ॲब्लेशन केलेल्यांत मृत्यू औषधांवर ठेवलेल्यांपेक्षा बरेच कमी. पण "त्यांचा क्यूआरएस अरुंद होता, काकांचा रुंद आहे, तेव्हा हिशेब तंतोतंत लावू नका," हेही वर. माझा विश्वास बसला तो या वाक्यावर.

जांघेतल्या शिरेतून झालं. सुरुवातीला काही आठवडे ठोक्यांचा वेग मुद्दाम मिनिटाला ९०वर ठेवला, मग टप्प्याटप्प्याने उतरवला. वॉर्डात आईने आप्पांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि बराच वेळ काढलीच नाहीत. नऊ वर्षांत पहिल्यांदा नाडी एकसारखी लागत होती.

वरचे कप्पे अजून थरथरतातच, त्यामुळे रक्त पातळ करायची गोळी, ती किती लागू पडते ते पाहणारी आयएनआरची तपासणी आणि गोळीचा असर कमी करणाऱ्या मेथीच्या भाजीवरची भांडणं चालू आहेत. उशा मात्र दोन झाल्या. सकाळी वजनकाट्यावर उभं राहून आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात, मीटर रीडरच्या त्या तिरक्या अक्षरात.

परवाच्या तपासणीत ९९ टक्के आलं. आप्पांनी शर्टाची बटणं लावता लावता विचारलं, "त्यात हवा किती?"

डॉक्टरांनी पुन्हा होल्टर लिहून दिला.