17 कोटींचा उपचार आणि चंद्रपूरची कॅप्सूल

लंडनमध्ये गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीला गेले, तेव्हा मिडवाइफने एक फॉर्म पुढे केला. माझे आणि माझ्या नवऱ्याचे पूर्वज जगाच्या कोणत्या भागातले, हे त्यात विचारले होते. आपल्याकडे पूर्वजांची चौकशी कागदावर होऊ लागली की विदर्भातल्या माझ्यासारख्या घरातला माणूस आधी सावध होतो, तशीच मीही झाले आणि काहीशी आखडूनच तो फॉर्म भरला. तो निघाला सिकलसेल आणि थॅलेसिमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या तपासणीचा. थोड्याच दिवसांत माझा पॅटर्न एएस, म्हणजे मी सिकलसेलची वाहक असल्याचे पत्र घरी आले आणि त्यासोबतच नवऱ्याला रक्ततपासणीसाठी बोलावणे आले. तो कोल्हापूरकडचा, त्याचा अहवाल एए, म्हणजे निर्दोष आला आणि आमची काळजी मिटली. मी चंद्रपूर जिल्ह्यात वाढले, माझा सख्खा मावसभाऊ एसएस, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण आहे, त्याच्या दुखण्याच्या रात्री मी लहानपणापासून पाहिल्या आहेत आणि तरीही माझे रक्त सिकलसेलसाठी पहिल्यांदा तपासले गेले ते परदेशात. याचा जो धक्का बसला तो अजून ओसरलेला नाही.

इथल्या या साखळीचे मला मनापासून कौतुक वाटते. आई वाहक निघाली की वडिलांची तपासणी होते, दोघेही वाहक असतील तर समुपदेशन होते, आणि निर्णय काय घ्यायचा हे जोडप्यावर सोडले जाते. पुढे बाळ पाच दिवसांचे झाले की मिडवाइफ घरी येऊन त्याच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब एका जाड कागदावर घेते. त्या थेंबांवर ज्या मोजक्या आजारांची तपासणी होते, त्यांत सिकलसेल आहे. बाळ एसएस निघाले तर ते तीन महिन्यांचे होण्याआधीच त्याला रोजचे पेनिसिलिन सुरू होते, कारण या मुलांची प्लीहा लवकर निकामी होते आणि न्यूमोकोकससारखा जंतू त्यांना काही तासांत गाठू शकतो. हे औषध अगदी साधे आणि स्वस्त आहे. रोजच्या पेनिसिलिनने लहान मुलांमधला हा संसर्ग 84 टक्क्यांनी घटतो, असे अमेरिकेतल्या एका अभ्यासाने 1986 मध्येच दाखवून दिले होते. मूल दोन वर्षांचे झाले की दरवर्षी डोक्यावरून डॉपलर तपासणी होते आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांमधला प्रवाह मोजला जातो, म्हणजे पक्षाघाताचा धोका आधी कळतो. यातले कोणतेही तंत्र आपल्या डॉक्टरांना नवे नाही. इथे ते प्रत्येक बाळापर्यंत न चुकता पोहोचते, आणि मला खरे अप्रूप त्याचे आहे.

त्याच व्यवस्थेने जानेवारी 2025 मध्ये सिकलसेलसाठी जनुकसंपादनाचा उपचार मंजूर केला. कॅसजेव्ही हे त्याचे नाव, आणि क्रिस्पर या जनुके संपादित करण्याच्या तंत्रावर आधारलेल्या या उपचाराला जगात सर्वांत आधी, नोव्हेंबर 2023 मध्ये, ब्रिटनच्याच औषध नियामकाने परवानगी दिली होती. त्याची छापील किंमत सुमारे साडेसोळा लाख पौंड, म्हणजे 17 कोटी रुपयांच्या वर आहे. सरकारी आरोग्यसेवेने त्यावर सवलत मिळवली आहे, पण ती गोपनीय आहे. इंग्लंडमध्ये सिकलसेलचे सुमारे 17 हजार रुग्ण आहेत आणि त्यांतल्या साधारण 50 जणांना दरवर्षी हा उपचार मिळेल, असा अंदाज आहे. या उपचारात रुग्णाच्याच मूळपेशी रक्तातून काढून प्रयोगशाळेत पाठवतात. बिघडलेले जनुक तिथे दुरुस्त होत नाही. जन्मानंतर गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन बंद पाडणारा बीसीएल11ए नावाचा जो नियंत्रक आहे, त्याला लाल पेशींपुरते निष्प्रभ केले जाते, म्हणजे ते निरोगी हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. मग रुग्णाला बुसल्फान हे तीव्र केमोथेरपीचे औषध देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात आणि संपादित पेशी शिरेतून परत सोडतात. त्यानंतर महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ रुग्णाला वेगळ्या खोलीत राहावे लागते. चाचण्यांमध्ये ज्यांचा पुरेसा पाठपुरावा झाला, त्यांतल्या जवळपास सर्वांना किमान वर्षभर दुखण्याचा एकही मोठा झटका आला नाही. मावसभावाला हिवाळ्यात रजईखाली गुडघे पोटाशी घेऊन कण्हताना पाहिलेल्या मला हे वाक्य शांतपणे वाचता आले नाही.

मात्र या उपचाराची वर्णने वाचून इथले कोणी मला तुमच्या देशात काय आहे असे विचारते, तेव्हा मी गप्प बसत नाही. भारतातल्या अनेक रुग्णांमध्ये गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते, आणि विदर्भातल्या बऱ्याच रुग्णांचा आजार तरीही तीव्रच असतो. हेच हिमोग्लोबिन काही प्रमाणात वाढवण्याचे काम हायड्रॉक्सीयुरिया नावाची कॅप्सूल करते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या मुलांवर केलेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. वजनाच्या दर किलोला केवळ 10 मिलिग्रॅम इतक्या ठरावीक, कमी मात्रेनेही मुलांचे झटके आणि रुग्णालयातल्या भरती लक्षणीयरीत्या कमी होतात, हे त्यात दिसले. मात्रा कमी असली की खर्च आणि रक्ततपासण्यांचा भार दोन्ही कमी होतात, म्हणून आपल्यासारख्या ठिकाणी या निष्कर्षाचे मोल फार आहे. याच नागपुरात रुग्णांच्या पालकांना एकत्र आणणारे संपत रामटेके यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली, आणि चंद्रपुरात आयसीएमआरचे हिमोग्लोबिनच्या विकारांवरचे केंद्र उभे राहिले. ज्ञान आपल्याकडे आहे, आणि त्यातले बरेचसे आपल्याच मातीत तयार झालेले आहे.

माझी तक्रार आहे ती पुढच्या टप्प्याबद्दल. मावसभाऊ ज्या दवाखान्यातून कॅप्सूल आणतो, तिथे ती कधी असते, कधी नसते, आणि नसली की तालुक्याला एसटीने जाऊन विकत आणावी लागते. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, शरीरातले पाणी कमी झाले की झटका येतो, आणि नेमका तेव्हा साठा संपलेला असतो. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले होते आणि तिचे मी स्वागतच करते. पण गावात तपासणीनंतर मिळणाऱ्या कार्डाचा उपयोग पुष्कळदा लग्न जुळवताना नकार देण्यापुरता होतो, आणि आधीच एसएस असलेल्या माणसाला त्याने काही मिळत नाही.

इंग्लंडमध्ये सगळे सुरळीत आहे, असेही नाही. 2019 मध्ये उत्तर लंडनच्या एका रुग्णालयात सिकलसेलच्या 21 वर्षांच्या तरुणाने प्राणवायूसाठी खाटेवरूनच आपत्कालीन क्रमांकावर फोन केला होता आणि नंतर त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर खासदारांच्या गटाने 2021 मध्ये केलेल्या चौकशीत या रुग्णांना वेदनाशामके देताना होणारी टाळाटाळ आणि वर्णभेद स्पष्टपणे नोंदवले गेले. म्हणून मी इथे राहते ते आंधळ्या भक्तीने नव्हे. माझ्या मुलीची टाच पाचव्या दिवशी तपासली गेली, तीही एएस निघाली, आणि मोठी झाल्यावर तिच्यापासून हे कोणी लपवून ठेवणार नाही, एवढे कारण मला पुरते. घरी परत का येत नाहीस असे मावशी विचारते, तेव्हा मी हेच सांगते.

नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या सीएसआयआरच्या जिनोमिक्स संस्थेने बनवलेल्या बिरसा 101 या स्वदेशी क्रिस्पर उपचाराची घोषणा झाली आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने घडवलेला नेक्सकार19 हा उपचार परदेशातल्या किमतीच्या अंशात, सुमारे 40 लाखांत, देता येऊ लागला. त्यामुळे बिरसा 101 च्या बाबतीतही हे होईल असे मला वाटते. ही बातमी मी मावसभावाला फोनवर सांगितली, तेव्हा त्याने किंमत विचारली नाही. केमोनंतर मूल होऊ शकते का, हे त्याने विचारले, कारण पुढच्या वर्षी त्याचे लग्न आहे. बुसल्फानने वंध्यत्वाचा मोठा धोका असतो, म्हणून इथे उपचाराआधी शुक्राणू किंवा अंडपेशी गोठवून ठेवण्याबद्दल रुग्णाशी बोलतात. विदर्भासाठी या उपचाराचा खर्च मांडताना ही गोठवण्याची सोय, महिनाभराची वेगळी खोली, रक्तपेढीतले रक्त आणि गडचिरोलीहून नागपूरला सोबत येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी, हे सारे पहिल्या दिवसापासून धरले पाहिजे.