पायरीवर बसणे हा गुन्हा नाही

गेल्या महिन्यात माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र अभ्यासिका बंद झाल्यावर, रात्री साडेदहाच्या सुमारास, साताऱ्यात राजवाड्याजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसले होते. गस्तीच्या गाडीने त्यांना हटकले, नावे विचारली आणि चौकीत नेले. भाच्याला व एका मित्राला समज देऊन अर्ध्या तासात सोडण्यात आले. तिसरा पारधी समाजातला आहे हे आडनावावरून कळल्यावर त्याला मात्र पहाटेपर्यंत बाकावर बसवून ठेवले. त्याच्या पिशवीतील वह्या दोनदा उपसल्या गेल्या. तिघांनी केलेली गोष्ट एकच होती, हे मला अजून विसरता येत नाही.

आपल्याकडे नुसते रेंगाळणे हा गुन्हा आहे असा समज फार रुजलेला आहे. प्रत्यक्षात भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मधील सार्वजनिक उपद्रवाच्या व्याख्येला काही कृत्य, किंवा कायद्याने करणे बंधनकारक असलेली गोष्ट न करणे, लागते आणि त्यातून लोकांना इजा, धोका किंवा त्रास व्हावा लागतो. ज्यासाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नाही अशा उपद्रवाला कलम २९२ प्रमाणे एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. जिल्हादंडाधिकारी महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७ खाली जे बंदी आदेश काढतात, त्यांतील जमावबंदी साधारणपणे पाच किंवा अधिक माणसांना लागू होते. पायरीवर तीन मुले होती.

राहिले त्याच कायद्याचे कलम १२२. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात रस्त्यावर रेंगाळणाऱ्याला ते लागू होते खरे, पण तो माणूस चोर म्हणून ख्यात असला पाहिजे आणि तिथे असण्याचे समाधानकारक कारण त्याला देता आले नाही पाहिजे. ही ख्याती कोणी ठरवायची? इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ती जन्मावरून ठरवली होती आणि पारध्यांसह अनेक जमातींना पोलिसांकडे हजेरी लावली होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. त्या रात्री चौकीतल्या बाकावर मात्र तीच हजेरी पुन्हा घेतली गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.

रस्त्यावर रेंगाळणाऱ्या पोरांविरुद्ध तक्रार करणाऱ्यांचे दुःख खोटे आहे असे मी म्हणत नाही. आमच्या गल्लीतही सायलेन्सर काढलेल्या गाड्या मध्यरात्री फिरवल्या जातात, कोपऱ्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींवर शेरे मारले जातात, आणि क्लासवरून परतणाऱ्या मुलींना वाट बदलावी लागते. तो खरा उपद्रव आहे आणि त्यावर कारवाई झालीच पाहिजे. रस्त्यात अडथळा करणाऱ्यावर न्याय संहितेचे कलम २८५ आहे. कायमस्वरूपी त्रासासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांताधिकाऱ्यांसारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते, आणि ते तो त्रास दूर करण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. मात्र तिथे नेमके कोण, काय, कधी करतो हे लेखी सांगावे लागते. "टवाळखोर पोरांचा बंदोबस्त करा" एवढ्यावर भागत नाही, आणि हा नेमकेपणाच निरपराध मुलाला वाचवतो.

त्या मुलाचे वडील तक्रार करायला तयार नाहीत. उद्या पुन्हा याच रस्त्याने पोराला जायचे आहे, एवढेच ते म्हणतात. म्हणून त्यांना विचारून मी माझ्या नावाने माहितीच्या अधिकारात अर्ज दिला आहे: त्या रात्री तिघांना कोणत्या कलमाखाली आणले, आणि स्टेशन डायरीत त्याची नोंद कोणत्या वेळेला झाली. उत्तराची तीस दिवसांची मुदत अजून संपलेली नाही.