स्टेपनी माझ्याकडे

आमच्या रॅलीच्या जिप्सीत इंजिन दादाचं, पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि शॉकअब्सॉर्बर मेस्त्रींचे, रोडबुक, म्हणजे वाट सांगणारी वही, वहिनीचं आणि चाकं माझी. ही वाटणी कुणी बसून ठरवली नाही. कागलजवळ हायवेला आप्पांचं पंक्चरचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथं ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे शोधत बसायची. दादा तेव्हा पलीकडच्या गॅरेजात कार्ब्युरेटर खोलत असायचा. म्हणजे आम्ही दोघं आजही तेच करतोय, फक्त आता खर्च आमच्या खिशातून जातो.

2003 साली राजस्थानात डेझर्ट स्टॉर्म ही रॅली सुरू झाली आणि दादा कामातून गेला. पुढं मनालीच्या रॅली ड्रायव्हर सुरेश राणाची ग्रँड व्हिटारा वाळूच्या टेकडीवरून उडतानाचा फोटो पेपरातून कापून त्यानं कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. व्हिटारा काही परवडली नाही. जुनी जिप्सी मिळाली. 1298 सीसी, 80 बीएचपी, पुढं-मागं पाटे, त्यामुळं दणका थेट मणक्यात. पण गाडी हलकी, टनाच्या आसपास, आणि वाळूत हलकेपणाच कामाला येतो. म्हणूनच आमच्याकडे किलोकिलोवरून भांडणं होतात.

यंदाचं भांडण: स्टेपन्या किती, एक की दोन?

टायरसकट आमचं एक चाक काट्यावर तेवीस किलो भरलं. दादाचं म्हणणं, दुसरं चाक म्हणजे तेवीस किलो फुकटची ओझ्याची पोती. मी म्हटलं, गेल्या वर्षी काय झालं ते वहिनीला विचार.

गेल्या वर्षी जैसलमेरकडच्या एका रॅलीत दुसऱ्या दिवशी मागचं डावं टायर फाटलं. काट्यानं नाही. तिकडं फोग नावाचं झुडूप असतं. ते तोडून नेलं की जमिनीत तिरकं खुंट राहतं आणि वाळूतून वीतभरही वर दिसत नाही. त्या खुंटानं टायरची बाजू कापली, चार बोटं लांब. ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, भोक असेल तर रबराची स्ट्रिप घालून दोन मिनिटांत निघता येतं. बाजू फाटली की विषय संपला, चाकच बदलायचं.

चाक बदलायला आमची तेवीस मिनिटं गेली. मी सर्व्हिसच्या जागेवर घड्याळ बघत उभी होते, मला हे रात्री कळलं. झालं असं की जॅक अ‍ॅक्सलखाली जाईचना. टायर बसलेलं, त्यात रिम वाळूत रुतलेली, म्हणजे अ‍ॅक्सल जमिनीपासून वीतभरसुद्धा वर नाही, आणि आमचा बाटली जॅक खाली बसवला तरी त्याहून उंच. वहिनीनं डब्याच्या झाकणानं वाळू उकरली. ती जितकी काढावी तितकी पुन्हा आत घसरते. कसाबसा जॅक बसवला, दोन-चार हिसके मारले, तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच खाली निघाला. त्याखाली ठेवायची प्लायवूडची फळी होती, पण मीच ती पॅकिंग करताना सगळ्यात तळाला घातलेली. स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली. पहिल्या दिवसाच्या दणक्यांनी दाराच्या बिजागरीला तडा गेलेला म्हणून ती दोरीनं आवळली होती. त्या गाठीत धूळ जाऊन ती अशी घट्ट झाली की शेवटी कापावी लागली.

दादानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. ते जास्त लागलं. कारण घरी सराव मीच करून घेतला होता, आणि तो केला होता शहाबादी फरशीवर, चारही चाकांत पूर्ण हवा असताना. पाच मिनिटांत चाक बदललं म्हणून टाळ्यापण वाजवल्या होत्या.

तर यंदा दाराला काहीही टांगायचं नाही असं मी सांगितलं. मेस्त्रींनी मागच्या सीटच्या जागी, रोलकेजच्या (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्याच्या) आडव्या नळीला धरून स्टँड वेल्ड केला. दोन चाकं एकावर एक आडवी, मागच्या अ‍ॅक्सलच्या किंचित पुढं, जमेल तितकी खाली. वर रॅचेटचा पट्टा, एक खटका ओढला की मोकळा. वजनाची बरोबरी करायला मी टूलबॉक्समधून निम्मी हत्यारं काढली. जिप्सीच्या चाकाला पाच नट, पाचही एकोणीस एमएमचे. मग चाकासाठी एकोणीसचा एकच लांब पाना पुरे, आणि त्यालाही लाल टेप, वाळूत पडला तर दिसायला. (दादानं नंतर गुपचूप दोन पाने परत टाकले. मला माहीत आहे. राहू देत.)

टायर घेताना माझी एक सवय आहे: आधी बाजूवरचे चार आकडे वाचायचे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. एका दुकानदारानं “मॅडम, एकदम फ्रेश माल” म्हणून जे दाखवलं त्यावर 1119 होतं. म्हणजे 2019 चा अकरावा आठवडा. काटे शाबूत, पण रबर नखानं दाबलं तर दगडासारखं. फ्रेश तर मीपण होते तेव्हा.

हवेचं गणित वहिनीनं माझ्याकडून पाठ करून घेतलंय. डांबरी रस्त्याला सव्वीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), कच्च्या खडीला बावीस, मऊ वाळूला पंधरा. बाराच्या खाली जायचं नाही, वळताना टायर रिमवरून उतरतं. फेब्रुवारीत तिकडं पहाटे दहा अंश आणि दुपारी तीस. इतक्या कमी हवेत दर दहा अंशाला साधारण एक पीएसआय वाढतो, म्हणजे सकाळी भरलेलं पंधरा दुपारी नुसत्या उन्हानं सतरा. टायर पळून तापतं ते वेगळंच. स्टेपनीत मात्र मुद्दाम तीस ठेवायची. जास्तीची हवा सोडायला व्हॉल्व्हच्या पिनवर बोट दाबलं की झालं, कमी पडली तर कंप्रेसर काढून बसा. हे आप्पांचं.

मग सराव. शेजाऱ्यांच्या स्लॅबची उरलेली वाळू अंगणात होती, अर्धा ब्रास असेल. ती पसरली, त्यात जिप्सीचं मागचं चाक घातलं आणि व्हॉल्व्हची पिनच काढून टाकली. फुस्स करून गाडी एका बाजूला बसली. आई तुळशीजवळून बघत होती. “चांगल्या चाकाची हवा घालवालीस व्हय गं?” एवढंच म्हणाली आणि आत गेली.

पहिल्यांदा नऊ मिनिटं चाळीस सेकंद. यंदाचा जॅक बुटका आहे, पण त्याची उचल कमी, म्हणून मेस्त्रींनी त्याला वर चढवायची लोखंडी टोपी करून दिली. फळी आता ड्रायव्हरच्या दाराशी, सगळ्यात आधी हाताला लागेल अशी. नट ढिले करायचे ते गाडी उचलायच्या आधी, हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत सगळेच विसरतात. दुसऱ्यांदा साडेसहा. तिसऱ्यांदा वहिनी म्हणाली, हेल्मेट आणि हातमोजे घालून करू, तिथं घालूनच असतो ना. पुन्हा आठवर गेलो. अंधार पडेपर्यंत अकरा वेळा केलं. शेवटचं चार मिनिटं पन्नास. नट आवळून झाले की प्रत्येकावर आणि रिमवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. हे काम आप्पांनी खुर्चीवर बसून केलं. हात थरथरतो त्यांचा, पण रेघा सरळ आल्या.

पहाटे चारला जिप्सी ट्रेलरवर चढवून निघालो. जैसलमेर इथून चौदाशे किलोमीटरच्या वर. किणी टोलनाक्यावर चहाला थांबलो तेव्हा दादानं चाकांभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “व्हॉल्व्हच्या टोप्या कुठायत गं?”

जॅकेटच्या खिशात हात घातला. सहाच्या सहा तिथंच.